ऑनलाइन सेवा बदलायची? आधी बाहेर पडायचा रस्ता बघा

नागपूरच्या मनीषनगरात आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या वर्गाचा ईमेल जीमेलवर, प्रश्नपत्रिका गूगल ड्राइव्हवर, पालकांचे ग्रुप व्हॉट्सॲपवर आणि व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. १५ जीबीची जागा भरली आणि मेल येणं थांबलं. त्याच सुमारास एका समाजमाध्यमावरचं वर्गाचं पान कारण न सांगता बंद करण्यात आलं, आणि दाद मागायला समोर माणूसच नव्हता. आता त्यांना सगळंच एकदम दुसरीकडे न्यायचं आहे. पर्याय कोणते घ्यावेत, देशीच घ्यावेत का, फुकटात भागेल का, आणि गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड सोडून मराठी टाइप करायला काही चांगलं आहे का, हे त्यांचे प्रश्न.

ताई, एकदम सगळं हलवू नका. दवाखाने, सीएंची ऑफिसं, शाळा, इतवारी-गांधीबागेतले व्यापारी अशा लहान जागांचे मेल, फाइली आणि बॅकअप सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे. रागाच्या भरात एका आठवड्यात सगळं बदललेली माणसं बहुतेक वेळा परत जुन्या जागी आलेली मी पाहिली आहेत. याचं कारण नवं ॲप वाईट असतं असं नाही. समोरची माणसं तिथे आलेलीच नसतात. टिकले ते एक गोष्ट हलवून, ती रुळू देऊन मग पुढची हाती घेणारे.

आधी आजची अडचण मोकळी करा, म्हणजे डोकं शांत ठेवून पुढचं ठरवता येईल. १५ जीबी ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांची मिळून जागा आहे. फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, त्यानंतर टाकलेला प्रत्येक फोटो यात मोजला जातो. बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा २०२४ पासून याच १५ जीबीत धरला जातो. पालकांच्या ग्रुपवरचे सकाळचे फुलांचे फोटो आणि वाढदिवसाचे व्हिडिओ तुमच्या वर्गाच्या मेलची जागा खात असण्याची दाट शक्यता आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअपमध्ये जा, ‘व्हिडिओ समाविष्ट करा’ बंद करा आणि बॅकअप नव्याने घ्या. मग जीमेल आणि ड्राइव्हमधल्या सगळ्यांत मोठ्या फाइली उतरवून घेऊन काढून टाका, कचरापेटीही रिकामी करा. मेल पुन्हा यायला लागेल.

आता मुख्य प्रश्न. कुठलं ॲप चांगलं, हे मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. पहिल्यांदा विचारायचं ते असं: ही सेवा उद्या बंद झाली, किंवा तिने मला बाहेर काढलं, तर माझ्या हातात काय उरेल? तुमच्या बंद झालेल्या पानाच्या बाबतीत उत्तर होतं, काहीच नाही. तिथले फॉलोअर तिथलेच, फोटो तिथलेच, पत्ताही त्यांनीच दिलेला. हाच प्रश्न नव्या सेवेला विचारला नाही, तर ती कितीही गुणी असली तरी काही वर्षांनी तुम्ही याच जागी उभ्या असाल.

यातूनच काय आधी हलवायचं तेही ठरतं. गोकुळपेठच्या बाजारात भाजीवाल्याचा क्यूआर एका कंपनीचा असतो, तुमच्या फोनमधलं ॲप दुसऱ्या कंपनीचं असतं, तरी पैसे जातात. यूपीआयचे नियम सगळ्यांना सारखे आहेत म्हणून हे जमतं. आज बहुतांश व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांवरून होत असले, तरी उद्या तुम्ही भीम ॲप घेतलं तर भाजीवाल्याला विचारायची गरज पडत नाही. ईमेलचंही तसंच आहे. झोहो या आपल्याकडच्या कंपनीच्या मेलवरून जीमेलला आणि जीमेलवरून आणखी कुठे, मेल जातोच. म्हणून ईमेल तुम्ही एकट्याने, कोणाची परवानगी न घेता हलवू शकता. व्हॉट्सॲप तसं नाही, तिथून निघायचं तर समोरच्यालाही निघावं लागतं. जे एकट्याच्या हातात आहे ते आधी, जे चारशे पालकांच्या हातात आहे ते सगळ्यांत शेवटी.

ईमेल हलवायचं म्हणजे जीमेलवरून दुसऱ्या फुकट पत्त्यावर उडी मारायची असं मी म्हणत नाही. स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं स्वतःच्या मालकीचं नाव, घ्या. वर्गाच्या नावाचं डॉट इन डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत मिळतं, आणि या सगळ्या खटाटोपात मी एकच खर्च सक्तीचा म्हणेन, तो हा. पत्ता तुमचा झाला की मेलची सेवा कोण देतो ते मागे राहतं. २०२४ मध्ये स्किफ नावाची खासगीपणा जपणारी ईमेल सेवा नोशन या कंपनीने विकत घेतली आणि काही महिन्यांत बंद केली. स्किफच्या पत्त्यावर असलेल्यांना सगळीकडे जाऊन नवा पत्ता कळवावा लागला. ज्यांनी स्वतःचं डोमेन जोडलं होतं त्यांनी डोमेनच्या नोंदीत मेल कुठे जायचा ते बदललं, बाहेरच्या कोणाला काही कळवावं लागलं नाही.

पण डोमेन कोणाच्या नावावर आहे ते नीट बघा. नागपुरात माझ्याकडे येणाऱ्या अडचणींत ही फार नेहमीची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्याची वेबसाइट ओळखीतल्या एका मुलाने करून दिली होती. डोमेन त्याने स्वतःच्या खात्यातून घेतलं, पत्ता दिला तो त्याच्या कॉलेजच्या मेलचा. पुढे मुलगा नोकरीला पुण्याला गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्या जुन्या मेलवर येत राहिल्या, त्या कोणी पाहिल्या नाहीत. ऐन दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत डोमेनची मुदत संपली, वेबसाइट गेली आणि त्यावरचे मेल परत जायला लागले. सुरतचे पुरवठादार फोन करून विचारायला लागले, ‘‘तुमचा मेल काहून बंद झाला?’’ मुदत संपली की काही दिवस नेहमीच्या दरात डोमेन परत घेता येतं, त्यानंतर दंडासकट बरीच मोठी रक्कम मोजावी लागते, आणि तेही चुकलं तर नाव खुल्या बाजारात जातं. इथे दंड भरून नाव वाचलं. त्या मुलाची नियत वाईट नव्हती, व्यवस्थाच चुकीची होती. तुम्ही डोमेन घ्याल तेव्हा खातं तुमचं, मोबाइल नंबर तुमचा, पैसे तुमच्या कार्डातून, आणि खात्याचा मेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन गेलं तर त्याच्यावरचा मेलही जातो, मग सूचना येणार कुठे? जमलं तर एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरून ठेवा.

मेलची सेवा म्हणून तुमच्यासाठी मी झोहो मेल सुचवेन. एका डोमेनवर पाच जणांपर्यंत, प्रत्येकी ५ जीबी, अशी त्यांची फुकट योजना आहे, तुमचा वर्ग त्यात बसतो. मर्यादा अशी की फुकट योजनेत आयमॅप मिळत नाही, म्हणजे थंडरबर्ड किंवा आउटलुकसारख्या प्रोग्रामात मेल उतरवता येत नाही, त्यांचं ॲप किंवा वेबच वापरावं लागतं. बाहेर पडायच्या वाटेसाठी आयमॅप मोलाचं आहे, म्हणून मी लहान ग्राहकांनासुद्धा सगळ्यांत खालची सशुल्क योजना घ्यायला सांगतो. प्रोटॉन मेल २०१४ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत काम केलेल्या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधून सुरू केला, आणि वकील, पत्रकार यांच्यासाठी तो उत्तम आहे. मात्र त्यावर स्वतःचं डोमेन जोडायला पैसे लागतात. शिवाय तुमचे पालक जीमेलवर असतील, तर प्रोटॉनवरून पाठवलेल्या साध्या मेलची प्रत त्यांच्या जीमेलमध्ये जाऊन बसतेच. त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात तुमचा फारसा फायदा नाही.

स्वतःच्या घरी मेल सर्व्हर चालवायचा विचार कोणी डोक्यात घातला असेल तर काढून टाका. एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी या, मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या, डोमेनच्या नोंदी नसतील तर तुमचा मेल थेट स्पॅममध्ये जातो, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने याबाबत आणखी कडक नियम केले आहेत. झोहो किंवा कोणाचीही सेवा घेतली तरी या तिन्ही नोंदी कराव्या लागतात, पण त्यांच्या मदत पानावर त्या जशाच्या तशा दिलेल्या असतात, तासाभराचं काम आहे. नोंदी झाल्या की एखाद्या जीमेल खात्यावर मेल पाठवा आणि तिथे ‘मूळ मेल दाखवा’ उघडून तिन्हींसमोर ‘पास’ आलंय ना ते बघा. हे बघितल्याशिवाय पालकांना नवा पत्ता कळवू नका.

जुनं जीमेल खातं बंद करायचं नाही. त्याचे मेल नव्या पत्त्यावर पाठवायला लावा आणि वर्षभर तसंच चालू द्या. मधूनमधून त्यात लॉगइन करत राहा, कारण दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकतं. या वर्षात एका वहीत यादी करा: कुठे कुठे हा मेल दिला आहे. बँक, आयकर, जीएसटी, उद्यम नोंदणी, वीजबिल, विमा, मुलांची शाळा. बँक आणि कराची ठिकाणं पहिल्या महिन्यातच बदला. आणखी एक लपलेली दोरी असते. कित्येक साइटवर आपण ‘गूगलने साइन इन करा’ हे बटण दाबून आत गेलेलो असतो, तिथे वेगळा पासवर्डच नसतो. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात अशा जोडलेल्या ॲपची यादी दिसते. त्यातल्या कामाच्या प्रत्येक साइटवर जाऊन मेल आणि पासवर्ड लावून घ्या. जीमेल कधी अचानक बंद पडलं, तर या बटणामुळे दहा ठिकाणची दारं एकदम बंद होतात. आणि पासवर्ड वहीत नको, बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड व्यवस्थापकात ठेवा. तो फुकट आहे, आणि त्यातून सगळी यादी फाइल म्हणून बाहेर काढता येते.

आता फाइली. गूगलचीच टेकआउट नावाची सोय आहे, २०११ पासून. तिथे सांगितलं की तुमचं सगळं झिप करून देतात. पण ती झिप उघडून बघेपर्यंत बॅकअप झाला असं धरू नका. मेल एमबॉक्स नावाच्या एका मोठ्या फाइलीत येतो, तो थंडरबर्डमध्ये एक जोडणी टाकून उघडतो. फोटोंच्या बाबतीत खरी मेख आहे: फोटोच्या शेजारी जेसन नावाची छोटी फाइल येते आणि तुम्ही नंतर दुरुस्त केलेली तारीख किंवा वर्णन त्या फाइलीत असतं, फोटोत नसतं. फोटो तेवढे उचलून जेसन फेकल्या, तर २०१८ च्या स्नेहसंमेलनाचे फोटो आजच्या तारखेला जाऊन बसू शकतात. आणि उतरवायची लिंक काही दिवसच चालते, तेव्हा झिप तयार झाल्याचा मेल आला की लगेच उतरवा. एक हार्डडिस्क वर्गात आणि दुसरी बहिणीकडे किंवा माहेरी, अशा दोन प्रती ठेवा. यूट्यूबवरच्या व्हिडिओंच्या मूळ फाइलीही याच डिस्कवर हव्यात. यूट्यूबला पर्याय म्हणून पीअरट्यूब वगैरे आहेत, पण दहावीचं पोरगं भूमितीचा प्रश्न अडला की यूट्यूबवरच शोधतं. तिथून हलू नका, फक्त मूळ फाइल स्वतःकडे ठेवा.

ड्राइव्हच्या जागी काय, तर दोन वाटा आहेत. साधी वाट म्हणजे संगणकावर लिबरऑफिस (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर), फाइली स्वतःच्या डिस्कवर, आणि दुसऱ्या शिक्षकांना लागतील तेवढ्याच झोहो वर्कड्राइव्ह किंवा तत्सम ठिकाणी. दुसरी वाट नेक्स्टक्लाउड. हा २०१६ पासूनचा मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्रकल्प आहे. कोणाच्याही सर्व्हरवर बसवता येतो, फाइली, कॅलेंडर, फॉर्म सगळं त्यात आहे, आणि सर्व्हर देणारा बदलला तरी तुमची मांडणी तीच राहते. मला हा मनापासून आवडतो आणि माझ्या बऱ्याच ग्राहकांकडे तो चालू आहे. पण घरातल्या जुन्या संगणकावर तो बसवायचा उत्साह नागपुरात आवरलेला बरा. मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या वर असतो, बंद खोलीत तो संगणक दिवसरात्र चालणार, आणि कूलर लावला तर दमट हवा त्याच्याच अंगावर. त्यात वीज जाण्याचा प्रश्न वेगळा. शिवाय घरगुती ब्रॉडबँडवर बहुतेकांना स्वतंत्र आयपी पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात, म्हणून बाहेरून घरच्या संगणकापर्यंत पोचणंच अवघड. नेक्स्टक्लाउड घ्यायचाच असेल तर तयार चालवून देणाऱ्याकडून, महिन्याचे पैसे देऊन घ्या. तुमच्या आजच्या गरजेला मात्र पहिली वाट पुरे.

फाइलींच्या बाबतीत मराठी माणसाची एक जुनी अडचण आहे आणि तिच्याकडे कोणी बंदिस्त सेवेची अडचण म्हणून बघत नाही. तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिका कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या, युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये असणार, कारण डीटीपीवाल्याकडे तेच असायचं. अशी फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. म्हणजे मजकूर तुमचा, फाइल तुमची, तरी एका फॉन्टच्या कैदेत. हे आधी सोडवा. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. पण ह्रस्व वेलांटी आणि रफार तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या फॉन्टमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. जोडाक्षर आलं की बदलताना ती चुकीच्या जागी पडते, आणि रफारही शेजारच्या अक्षरावर सरकतो. ‘स्थिती’, ‘वर्तुळ’, ‘त्रिज्या’ हे शब्द तेवढे शोधून बघा, कन्व्हर्टर किती भरवशाचा ते लगेच कळेल. नव्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये, नोटो किंवा मुक्ता यांसारख्या मोकळ्या परवान्याच्या फॉन्टमध्ये करा. मग ती फाइल लिबरऑफिस, वर्ड, गूगल डॉक्स, कुठेही उघडेल.

व्हॉट्सॲपवर माझं मत कदाचित तुम्हाला पटणार नाही. ते राहू द्या. २०१६ पासून त्यातला मजकूर एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला वाचता येत नाही, पण कोण कोणाशी कधी बोलतं ही माहिती कंपनीकडे असते, आणि २०२१ च्या खासगीपणा धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३ कोटींचा दंड केला. तुमची अस्वस्थता रास्त आहे. पण पालक तिथे आहेत, आणि हुडकेश्वरच्या एखाद्या आजोबांनी नातवाच्या वर्गासाठी नवं ॲप शिकावं ही अपेक्षा मी करणार नाही. व्हॉट्सॲपचं काम मात्र कमी करा. ग्रुपवर फक्त सूचना, वर्गासाठी वेगळं सिमकार्ड, दोन टप्प्यांचा पिन चालू. वेळापत्रक, फीची माहिती, अभ्यासाचे कागद तुमच्या डोमेनवरच्या एका साध्या पानावर ठेवा आणि ग्रुपवर त्याची लिंक टाका. पालकांची नावं आणि नंबर व्हॉट्सॲपबाहेर एका तक्त्यात हवेतच. आज तो तक्ता नसेल, तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम तेच करा. तुमचं पान गेलं तसा उद्या नंबर बंद झाला, तर या तक्त्यावरूनच पालकांशी पुन्हा संपर्क होईल. थोक एसएमएस पाठवू म्हणाल, तर त्याला डीएलटीची, म्हणजे असे एसएमएस पाठवणाऱ्यांसाठी सक्तीची असलेली, नोंदणी लागते. ती ऐनवेळी होत नाही.

शिक्षकांचा आणि घरचा ग्रुप मात्र सिग्नल या चॅट ॲपवर न्या. माणसं थोडी आहेत, सांगितलं तर येतील. सिग्नल ना-नफा संस्थेचं आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि २०२४ पासून नंबर न दाखवता वापरनावाने बोलता येतं. एक दक्षता घ्या: अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप फोनमध्ये घेता येतो आणि त्याला एक लांबलचक किल्ली असते. ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. किल्ली हरवली आणि फोन गेला, तर जुने निरोप कोणीच परत देऊ शकत नाही.

टेलिग्रामबद्दल गैरसमज फार आहे. त्यातली साधी चॅट आणि ग्रुप एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड नसतात, फक्त ‘सिक्रेट चॅट’ असते. मोठ्या फाइली वाटायला ते सोयीचं आहे, खासगी बोलायला नाही.

देशी घ्यावं का? मलाही आपल्या माणसांनी केलेलं वापरायला आवडतं. पण देशी असणं हा एक मुद्दा झाला, पुरेसा नाही. हाइक हे चॅट ॲप जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं. कू हे ट्विटरसारखं समाजमाध्यम २०२० मध्ये आलं, गाजलं आणि जुलै २०२४ मध्ये बंद झालं. तिथे मराठीत मन लावून लिहिणारी कितीतरी माणसं होती, त्यांचे वाचक तिथेच विखुरले. २०२५ च्या शेवटी झोहोच्या अरट्टई या चॅट ॲपची लाट आली, तेव्हा त्यात कॉल एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड होते, मजकूर नव्हता. कितीतरी जणांनी ते उतरवलं आणि पुढे उघडलं नाही, कारण समोर बोलायला कोणी नव्हतं. झोहो मेल मी सुचवतो ते देशी म्हणून नाही. ती कंपनी १९९६ पासून टिकून आहे, पैसे घेऊन सेवा देते, आणि मेल हा खुल्या नियमांचा प्रकार असल्यामुळे ती नाही पटली तर निघता येतं. या तीन गोष्टी परदेशी कंपनीत असतील तर तीही चालेल.

फुकटचं विचारलंत. कोणीतरी पैसे देतंच, बघायचं ते कोण देतं. जाहिरातदार देत असेल, तर सेवेचं लक्ष त्याच्याकडे. गुंतवणूकदार देत असेल, तर एक दिवस तो हात आखडतो. सिग्नलने २०२३ मध्ये आपला खर्च उघड केला होता आणि २०२५ पर्यंत तो वर्षाला साधारण ५ कोटी डॉलरवर जाईल असं म्हटलं होतं. ते लोकांच्या देणग्यांवर चालतं. ज्या फुकट सेवेवर तुमचं काम उभं आहे, तिला वर्षातून एकदा जमेल तेवढे पैसे द्या. वर्षाचा हिशेब सांगतो: डोमेन, मेलची लहान योजना आणि थोडी देणगी, एका विद्यार्थ्याच्या एका महिन्याच्या फीच्या आसपास सगळं बसतं.

तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या कामाला ते लागू आहे म्हणून सांगतो. तुमच्याकडे मुलांचे गुण, फोटो, पालकांचे नंबर आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल ‘बालक’ धरलं आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. प्रवेश अर्जावरच कोणती माहिती कशासाठी घेताय ते मराठीत लिहून पालकांची सही घ्या, आणि गुणांचा तक्ता ग्रुपवर टाकणं आजपासूनच थांबवा. परीक्षेचे फॉर्म भरून घ्यायचे तर क्रिप्टपॅड चांगलं आहे, त्यात चालवणाऱ्यालाही आतला मजकूर दिसत नाही.

बाकीचं झटपट. शोधासाठी डकडकगो चालेल, पण मराठी शोधात ते अजून कच्चं पडतं, मराठीसाठी गूगल ठेवा. ब्राउझर फायरफॉक्स घ्या. गूगलच्या नकाशावर तुमच्या वर्गाची नोंद राहू द्या, नवे पालक तिथेच शोधतात, आणि ओपनस्ट्रीटमॅपवरही स्वतः नोंद करा, मनीषनगरातल्या नव्या गल्ल्या तिथे भरायला माणसं हवीच आहेत. पेंच-ताडोब्याकडे जाताना त्यावरच चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स आधी उतरवून ठेवलं, तर रेंज गेली तरी रस्ता दिसतो.

कीबोर्डसाठी अँड्रॉइडवर हेलीबोर्ड बघा. मुक्त स्रोत आहे, मराठी मांडणी आहे, आणि त्याला इंटरनेटची परवानगीच नसते, म्हणजे तुम्ही टाइप केलेलं बाहेर जायचा प्रश्न नाही. मराठी शब्दकोश वेगळा उतरवून जोडावा लागतो. बोलून टाइप करायची सवय असेल तर मात्र जीबोर्डइतकं चांगलं मराठी मला अजून दुसरीकडे मिळालेलं नाही, तेवढ्यापुरता तोही फोनमध्ये ठेवा आणि बँकेचं काम करताना हेलीबोर्ड निवडा. संगणकावर इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी शिका. विंडोज आणि लिनक्स दोन्हीत ती मांडणी आधीपासून असते, काही बसवावं लागत नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. रोज अर्धा तास दिलात तर उन्हाळ्याच्या सुट्टीत बोटं बसतील आणि जूनच्या पहिल्या चाचणीचा पेपर तुम्ही स्वतःच टाइप कराल.